गावच्या घराच्या बेड्याजवळ (फाटकाजवळ) सोलर दिवा: कुठला घ्यावा, कसा लावावा?

बेड्यापलीकडे | १९ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी,

आम्ही घाटकोपरला राहतो, गाव राजापूर तालुक्यात. गावी आई एकटी असते, वय ७४. घर रस्त्यापासून आत आहे. रस्त्याला लागून बेडं, तिथून साधारण ६० फूट पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, मध्ये नऊ पायऱ्या, मग खळं, म्हणजे अंगण. पाखाडीच्या डाव्या हाताला जांभ्याच्या दगडांचा जुना गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. बेड्याच्या डोक्यावर फणस आणि रायवळ आंबा, त्यामुळे भर दुपारीही तिथे सावलीच.

गेल्या पावसात संध्याकाळी साडेसातला आई बेड्याची कडी लावायला निघाली होती. खालून दुसऱ्या पायरीवर घोणस वेटोळं घालून बसलेली. शेजारचा मुलगा टॉर्च घेऊन समोरून येत होता म्हणून दिसली. आईचा पाय तिच्यापासून हातभरावर होता. कडी अंधारात हाताला लागावी म्हणून आईने तिला सुंभाचा तुकडा बांधून ठेवलाय. ते पाहिलं की मला इथे झोप लागत नाही.

गेल्या दसऱ्याला एक सगळं एकत्र असलेला सोलर दिवा नेऊन बेड्याच्या खांबाला लावला. खोक्यावर ‘२०० वॅट’, किंमत १,४०० रुपये. उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत जायचा. आता जूनमध्ये आई म्हणते साडेआठलाच मिणमिणतो. काढून मुंबईला आणलाय.

बजेट सहा-सात हजार. गणपतीच्या आधी बसवायचा आहे. आईला त्यात काहीही करावं लागू नये, बटणसुद्धा नको. कुठल्या गोष्टी पाहून घ्यावा?

गच्चीवरून | १९ जून, रात्री ११.०५

आधी खोक्यावरचा वॅटचा आकडा डोक्यातून काढून टाका. पॅनेल किती वॅटचं आणि बॅटरी किती वॅट-तासाची, हे दोनच आकडे खरे.

तुमच्या दिव्यावरचं पॅनेल साधारण वहीच्या पानाएवढं असेल, म्हणजे फार तर ६ वॅटचं. चांगल्या उन्हात दिवसाचे साडेचार तास पुरे धरले तर २७ वॅट-तास मिळतात. त्यावर २०० वॅटचा दिवा आठ मिनिटं चालेल. तो रात्री अकरापर्यंत चालायचा, याचाच अर्थ तो तीन-चार वॅटच्या पलीकडचा दिवा नाही. आणि हा उन्हाळ्यातला हिशोब. सावलीत यातलं निम्मंही येत नाही.

उजेड लुमेनमध्ये विचारायचा. बरी एलईडी वॅटमागे १०० लुमेनच्या आसपास देते. बेड्याला ६०० ते ८०० लुमेन भरपूर झाले, पायऱ्यांना त्याहून कमी पुरतात.

रत्नांग्रीवाला | २० जून, सकाळी ७.४०

घरात लाईट आहे ना? मग घरातूनच वायर ओढून बल्ब लावा की. सोलरचा खटाटोप कशाला?

बेड्यापलीकडे | २० जून, सकाळी ९.१५

दादा, आधी तसंच होतं. पण पावसात लाईट जाते ती नेमकी संध्याकाळीच. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत नऊ दिवस अंधार होता. आणि २३० व्होल्टची वायर ६० फूट बागेतून न्यायची, तिथे आई कुदळ घेऊन झाडांना अळी करत असते. मला ते नको आहे.

आगरातली | २० जून, दुपारी २.३०

मी दहिसरला असते, सासर दापोली तालुक्यात, घर अगदी खाडीजवळ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमच्या आगरातले माड-पोफळी आडवे केले. त्यानंतर महिनाभराहून जास्त लाईट नव्हती. तेव्हापासून सोलरचे चार दिवे झाले, त्यातले दोन फुकट गेले. त्या दोन चुका तुम्ही करू नये म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली चूक तुमचीच. दिवा जिथे हवा तिथेच पॅनेल लावलं. दिवा हवा असतो झाडाखाली, वाटेवर, आणि पॅनेलला हवं असतं उघडं आभाळ. एका खांबावर दोन्ही बसवलं की एकाचं नुकसान ठरलेलं. पॅनेल कौलांवर किंवा खळ्यात जिथे दहा ते तीन ऊन असतं तिथे लावा, बॅटरी पडवीत ठेवा, आणि बारीक वायरीने १२ व्होल्ट बेड्यापर्यंत न्या. या व्होल्टला झटका बसण्याची भीती नाही. पॅनेलवर एका फांदीची सावली पडली तरी वीज सावलीच्या मानाने कितीतरी जास्त घटते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक अडला की सगळी रांग अडते.

दुसरी चूक बॅटरीची. स्वस्तात मिळते म्हणून शिशाची घेतली. आम्ही शिमग्याला गेलो, मग थेट मे महिन्यात. तोवर पाणी आटलं होतं, आणि पावसात रोज तळाला जाऊन जाऊन ती दुसऱ्या वर्षी बसली. बंद घरात किंवा म्हाताऱ्या माणसाच्या भरवशावर पाणी घालायची बॅटरी ठेवूच नये. आता लिथियम फॉस्फेटची आहे. दुकानात तिला ‘एलएफपी’ म्हणतात.

पॅनेलबद्दल अजून एक. आंब्याखाली लावणार नसलात तरी आंबा जवळ आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा उडतो, त्यावर धूळ बसते आणि ती पावसाशिवाय जात नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एकदा-दोनदा ओल्या फडक्याने पुसायला कोणाला तरी सांगून ठेवा. पुसायचं सकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. पावसात कडेला शेवाळ धरतं तेही तेव्हाच काढायचं.

आणि वांदर. आमच्याकडे पॅनेलची वायर ओढून त्याला लोंबकळले. वायर पाइपातूनच न्या, लोंबती ठेवू नका.

लॅमिंग्टनची_पायरी | २० जून, रात्री ९.५०

बेड्यापलीकडे, तो जुना दिवा टाकू नका. मागचे स्क्रू काढून आत काय आहे ते इथे लिहा. पुढचा सगळा हिशोब त्यावरून समजेल.

बेड्यापलीकडे | २२ जून, रात्री १०.३०

आज उघडला. चार स्क्रू, चारही गंजलेले, एकाचं डोकंच तुटलं. आत रबराची पट्टी आहे पण एका कोपऱ्यात जोड नीट मिळालेला नाही, तिथून पाणी शिरलंय. सर्किटवर हिरवट बुरशीसारखा थर. बॅटरी म्हणून अंगठ्याएवढे दोनच सेल, सहा सेल मावतील एवढी जागा रिकामी. सेलवर क्षमता छापलेलीच नाही. एलईडीचे ठिपके मोजले तर १२०, पण वायर त्यातल्या निम्म्यांनाच जोडलेली. आणि पाणी शिरलं त्याच कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं.

आईने दसऱ्यापासून ‘किती छान लावलंस’ असं सांगत ठेवलं होतं.

लॅमिंग्टनची_पायरी | २२ जून, रात्री ११.२०

वाटलंच होतं. वाईट वाटून घेऊ नका, बाजारात असले दिवे ढिगाने आहेत.

आता जुलैचा हिशोब मांडू. सोलर घेताना एप्रिलचा आकडा कोणीही सांगतो, तुम्ही जुलैचा विचारा. कोकणात जुलैत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. ढगातून जो उजेड येतो त्यावर ४० वॅटचं पॅनेल दिवसाला ५०-६० वॅट-तास दिलं तर चांगलं म्हणायचं, सलग झडीत त्याहूनही कमी. एप्रिलमध्ये तेच पॅनेल १४० पर्यंत देईल.

म्हणजे तुमचा रात्रीचा खर्च ५० च्या आत बसला पाहिजे. एकच मोठा दिवा रात्रभर ठेवू नका. दोन करा. पायऱ्यांवर ३ वॅटचा, रात्रभर चालू: साडेअकरा तासांना ३५ वॅट-तास. बेड्यावर ९ वॅटचा, माणूस आला की लागणारा: दिवसाकाठी तासभर धरला तर ९. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर स्वतः थोडं खातो. झाले ५० च्या आत.

बॅटरी १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाची एलएफपी, म्हणजे १५० वॅट-तास. तीन रात्री उन्हाशिवाय निघतात. ही बॅटरी दोन हजार वेळा भरली-उतरली तरी चालते. रोज एकदा धरलं तर पाच वर्षांच्या वर. कंट्रोलर घेताना त्यात लिथियमची सेटिंग आहे ना ते बघा, शिशाच्या सेटिंगवर ठेवाल तर तिची वाट लागेल. आणि बॅटरीच्या प्लसला, अगदी जवळ, ५ अँपिअरचा फ्यूज. हा विसरू नका.

अंधार ओळखायला वेगळा सेन्सर लागत नाही. कंट्रोलर पॅनेलवरूनच ओळखतो की अंधार पडला, आणि दिवे लावतो. आईंना हात लावायला नको.

वायरीची काळजी करू नका. ६० फूट म्हणजे १८ मीटर, जाऊन-येऊन ३६. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीत ३ वॅटला एक दशांश व्होल्ट जाईल, ९ वॅटला तीन. काही फरक पडत नाही. फक्त तांबंच घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर तशीच दिसते. टोक चाकूने खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर परत करा.

रत्नांग्रीवाला | २३ जून, सकाळी ८.१०

दोन्ही दिवे सेन्सरचेच घ्या ना मग. बॅटरी अजून वाचेल. आमच्या गेटला आहे, कोणी आलं की भक्कन लागतो.

पाखाडी | २३ जून, दुपारी १.१५

रत्नांग्रीवाला दादा, इथे तसं करू नये, कारण सांगते.

हे सेन्सर उष्णता ओळखतात. माणूस, कुत्रा, गुरं यांचं अंग आजूबाजूपेक्षा गरम असतं, ते हललं की दिवा लागतो. साप थंड रक्ताचा. त्याचं अंग दगडाएवढंच गरम किंवा गार असतं, सेन्सरला तो दिसतच नाही. म्हणजे घोणस पायरीवर बसलेली असताना दिवा बंद, आणि काकू पायरीपाशी पोचल्यावर दिवा लागणार. ७४ वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांना अंधारातून एकदम उजेडात आल्यावर सावरायला वेळ लागतो. तोवर पाऊल पडलेलं असतं. पायऱ्यांवरचा उजेड आधीपासून असलाच पाहिजे, मंद चालेल. घरातून निघतानाच नऊच्या नऊ पायऱ्या मोजता आल्या पाहिजेत.

मण्यार तर रात्रीच फिरते. फुरसं एवढंसं असतं आणि जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. मी लांज्याची आहे, लहानपणी हे सगळं बघितलंय. दिवा लागला तरी गडग्याच्या भेगांत पाला साठू देऊ नका आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंचं गवत कापून घ्या. दिव्याने साप जात नाही, फक्त दिसतो.

रत्नांग्रीवाला | २३ जून, दुपारी १.५०

सापाचं हे माहीत नव्हतं. पटलं. आमच्याही पायरीला एक मंद लावून घेतो.

आगरातली | २३ जून, सायंकाळी ६.२०

पाखाडी, अगदी बरोबर. आणि त्यातच रंगाचा मुद्दा येतो.

पांढराफेक घेऊ नका, पिवळसर घ्या. खोक्यावर ३००० केल्विन किंवा ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असतं. ६५०० वाला तो निळसर पांढरा. निळसर उजेडावर किडे जास्त येतात. किडे आले की पाली आणि बेडूक येतात, बेडकांमागे साप. आमच्या पहिल्या पांढऱ्या दिव्याखाली सकाळी पंखांचा खच पडायचा आणि पडवीत बेडूकच बेडूक. पिवळा लावल्यावर एका आठवड्यात फरक दिसला. किडे येतात, पण निम्म्यानेही नाहीत.

अजून एक मनापासून सांगते. दिव्याला वरून टोपी असलेला घ्या, उजेड खाली पडेल असा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत आमच्या आगरात काजवे असतात. नर चमकतो, मादी खालून उत्तर देते, तसेच ते एकमेकांना सापडतात. आपला झगझगीत दिवा त्यांना आंधळं करतो. समुद्राजवळ घर असेल तर प्रश्न याहून मोठा आहे. वेळास, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं वाळूतून निघाली की उजळ दिसणाऱ्या बाजूला धावतात. ती बाजू समुद्राची असायला हवी, आपल्या गेटची नाही. गावाला अंधार आहे म्हणून आपण जातो, तो सगळाच पुसून टाकायचा नाही. पायापुरता उजेड पुरे.

बेड्यापलीकडे | २३ जून, रात्री १०.४५

आईशी बोललो. ती म्हणाली, “दिवो नसलो तरी चलात, पण ह्यो पांढरो उजेड डोळ्यांक खुपता.” मी इतके महिने विचारलंच नव्हतं.

पिवळाच घेतो. पॅनेल घराच्या दक्षिण बाजूच्या कौलांवर बसेल असं वाटतं. कोन किती ठेवू? आणि खांब गडग्यातच पक्का केला तर?

गच्चीवरून | २४ जून, सकाळी ६.५५

कोन साधारण १० ते १५ अंश, तोंड दक्षिणेला. पुस्तकी नियम अक्षांशाएवढा कोन सांगतो, म्हणजे तुमच्याकडे १६-१७. पण तुम्हाला ओढ पावसाची आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो. मुंबईत शून्य सावलीचे दिवस त्याच दोन टोकांना येतात. जास्त उभं केलंत तर नेमकं त्या दिवसांत तोटा. अगदी आडवंही नको, पाणी आणि पाला घसरून जायला उतार हवा. कौलांचा उतार जास्त असेल तर मागून पट्टी देऊन पॅनेल उचलून घ्या.

खांब गडग्यात नको. जांभा मऊ आणि सच्छिद्र, फास्टनर दोन पावसात हलतो. गडग्याच्या आतल्या बाजूला जमिनीत दीड-दोन फूट खड्डा, सिमेंट, त्यात दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, वर दहा फूट. लाकडी खांबाला वाळवी लागेल.

लॅमिंग्टनची_पायरी | २४ जून, सकाळी ९.३०

खांब कुठल्या बाजूला, हेही बघा. दिवा माणसाच्या पाठीमागे आला तर कडीवर त्याचीच सावली पडते. बेड्याची कडी ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, हातभर पुढे खांब घ्या. बसवण्याआधी रात्री टॉर्च हातात उंच धरून कोणाला तरी उभं करा, आईंना कडी काढायला सांगा, सावली कुठे पडते ते बघा आणि तिथे खूण करा. दहा मिनिटांचं काम.

दिव्यावर ‘आयपी ६५’ असलंच पाहिजे. याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. ‘आयपी ४४’ पावसाच्या शिंतोड्यांपुरता, कोकणातल्या तिरक्या पावसाला नाही. ‘आयपी ६७’ मिळाला तर पाण्यात अर्धा तास बुडला तरी चालतो. पण छापलेल्यावर भरवसा नको. वायर शिरते ते भोक आणि झाकणाची कड सिलिकॉनने बंद करा, खाली एक बारीक भोक मात्र मोकळं ठेवा, आत दमटपणा साठतो तो निघायला.

नट-बोल्ट ३०४ नंबरच्या, सहसा न गंजणाऱ्या स्टीलचे, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सुटे मिळतात. आगरातलींसारखं खाडीलगत घर असेल तर ३१६ घ्या. घट्ट करताना जराशी व्हॅसलीन लावा, पाच वर्षांनी उघडताना आठवण काढाल.

बेड्यापलीकडे | १३ जुलै, रात्री ११.१०

खरेदी झाली. वायर आणि पाइप लोहार चाळीतून, पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर लॅमिंग्टन रोडवरून, बोल्ट नागदेवीला. एकूण ८,३०० झाले. बजेटच्या वर गेलं, जास्त वायरीत गेले. एका दुकानात वायर खरवडली तर आत पांढरी निघाली, दुकानदाराने काही न बोलता गुंडाळी परत आत ठेवली. दुसरीकडे घेतली.

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून सगळं गच्चीवर मांडलं. पॅनेल टाकीला टेकवून, बॅटरी प्लॅस्टिकच्या डब्यात, दोन्ही दिवे कठड्याला. सहा दिवस ठेवलं. त्यातले चार दिवस मुंबईत काय पाऊस होता ते तुम्हाला माहीतच आहे. रोज सकाळी सहाला वर जाऊन बॅटरीला मीटर लावला. पहिल्या सकाळी १३.२ व्होल्ट, चौथ्या सकाळी १३.०, पायरीचा दिवा एकदाही विझला नाही. पण बेड्याचा दिवा दर पाच मिनिटांनी लागत होता. काय बिघडलंय म्हणून रात्री जाऊन बसलो तर समोरच्या टाकीवर मांजर.

लॅमिंग्टनची_पायरी | १४ जुलै, सकाळी ८.००

गच्चीवर तपासून बघितलंत हे सगळ्यात चांगलं केलंत. गावी गेल्यावर एक वस्तू चालली नाही की दोनशे मैलांत तसलं दुकान नसतं.

व्होल्टवर फार जाऊ नका. एलएफपीचा आकडा बराच काळ जागचा हलत नाही, मग एकदम घसरतो. १२.५ च्या खाली दिसलं तर जवळपास रिकामी समजा. मांजरासाठी सेन्सर थोडा वर उचला आणि त्याच्या काचेचा खालचा भाग इन्सुलेशन टेपने झाका.

बेड्यापलीकडे | १७ ऑगस्ट, रात्री ९.४०

बसवून आलो. जाताना पॅनेल चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतलं, दोन फूट बाय दीड फूट, कंडक्टरने पुढची सीट दिली.

सावलीची परीक्षा घेतली ते बरं केलं. मी खांब उजवीकडे ठरवला होता, तिथून कडी पूर्ण अंधारात जात होती. डावीकडे घेतला. वायर काळ्या पाइपातून गडग्याच्या बुडाला फूटभर खाली पुरली, घुशींसाठी पाइपाची तोंडं सिमेंटने बंद केली. जिथून गेली तिथे वर चिऱ्यांचे तुकडे लावले, आईच्या कुदळीला कळावं म्हणून. पायरीचा दिवा गडग्याच्या उंचीवर, गुडघ्याच्या थोडा वर, बाजूने उजेड टाकणारा. प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसते. वरून लावला असता तर सगळ्या सपाट दिसल्या असत्या.

तिसऱ्या रात्री मुसळधार पाऊस होता आणि वाडीत लाईट नव्हती. मी पडवीत बसलो होतो. आई छत्री घेऊन बेड्यापर्यंत गेली, कडी लावली, परत आली. पायऱ्यांवर थांबली नाही.

काल फोनवर म्हणाली, शेजारची मुलं संध्याकाळी त्या पायरीवर अभ्यासाला बसतात.

आगरातली | १७ ऑगस्ट, रात्री १०.०५

वाचून फार बरं वाटलं. मुलांना बसताना आधी पायरी बघून बसायला सांगा. काकूंना नमस्कार.

मुरबाडचं_शेत | १८ ऑगस्ट, सकाळी ७.२५

आमचं गेट घरापासून १४० फूट आहे. हीच वायर चालेल का?

लॅमिंग्टनची_पायरी | १८ ऑगस्ट, सकाळी ८.१५

९ वॅटला पाऊण व्होल्टच्या आत जाईल. दिवा लागेल, पण त्या अंतराला अडीच स्क्वेअर एमएम घ्या. गेटवर झाड नसेल आणि दिवसभर ऊन असेल तर मात्र पॅनेल, बॅटरी सगळं गेटच्याच खांबावर घ्या, वायरीचे पैसे वाचवून बॅटरी मोठी घ्या. झाड आहे का ते आधी कळवा.